नयना, ऑफसेट शून्य नव्हता

नयना,

शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलच्या कॉटवरून तू मला मेसेज केलास, "ती ओळ बघितलीस का?" मी लिहिलं, "नाही गं अजून. आधी बरी हो, मग भांडू." तू अंगठा पाठवलास. सोमवारी सकाळी तू गेलीस. वर्सोव्याच्या खाडीत होडीवरून उड्या मारत वाढलेली तू, सर्दी झाली तरी गोळी न घेणारी, आणि तुला नेलं कोणी, तर एका डासाने! राग येतो गं मला. कोणावर काढू तेच कळत नाही.

आणि मी खोटं बोलले होते. ती ओळ मी बुधवारीच बघितली होती. तुझं बरोबर की माझं, हे मला दोन दिवस आधीपासून माहीत होतं आणि तू विचारलंस तेव्हा मी लपवलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी गावभर फिरून येईन आणि तू म्हणशील, "मुलुंड, मुद्द्यावर ये." मुलुंडची म्हणून मी तुझी कायमची 'मुलुंड'. सहा वर्षांत तू मला केतकी म्हणून किती वेळा हाक मारलीस? दोनदा. एकदा माझे बाबा गेले तेव्हा, आणि एकदा त्या भांडणात.

तेराव्याला तुमच्या घरी बायका मला विचारत होत्या, नयना युनिव्हर्सिटीत नक्की काय करायची? तुझी मावशी म्हणाली, "कॉम्प्युटर दुरुस्त करायची ना?" मी समजावायला गेले आणि पाच वाक्यांत माझी वाट लागली. म्हटलं, मावशी, कार्बनचा पत्रा असतो, एका अणूइतका पातळ. त्याची सुरळी झाली की नळी होते. केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या मावतील. त्या नळीचा ट्रान्झिस्टर करायचा, म्हणजे विजेचा नळ समजा, कमी-जास्त सोडता येणारा. आणि अशा नळांचं सर्किट मांडायचं, जे अगदी बारीक सिग्नल मोठा करून देईल. छातीवर पट्टी लावतात, त्यातून हृदयाचे ठोके येतात, तसला बारीक. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग बनवलात काय तो नळ?" नाही मावशी, आम्ही तो चालेल का, हे कॉम्प्युटरवर करून बघतो. "म्हंजे खरा नाय." नाही, खरा नाही. तू असतीस तर एका वाक्यात सांगितलं असतंस. होडी पाण्यात घालायच्या आधी आम्ही ती कागदावर बुडवून बघतो, असं तू आईला सांगायचीस, ते मला नंतर घरी गेल्यावर आठवलं.

आपली तर ओळखच भांडणातून झाली. पीएचडीच्या पहिल्या वर्षातलं माझं सेमिनार. मी ऐटीत सर्किट दाखवत होते आणि मागच्या बाकावरून तुझा आवाज आला, "सगळ्या नळ्या सारख्याच जाडीच्या?"

"मॉडेलमध्ये तसंच घेतात," मी म्हटलं.

"आमच्या बाजारात ये एकदा. एका जाळ्यातले दोन बोंबील मला सारखे दाखव, मी तुला पार्टी देते."

सगळे खो खो हसले. मी लालबुंद. माझ्या नाकावर राग असतो हे तुला तेव्हा कुठे ठाऊक होतं! चहाच्या सुट्टीत तू स्वतःच आलीस. "चिडलीस? चिड. पण चहा घे. सर्किट झकास आहे तुझं, फक्त नळ्या खोट्या आहेत." त्या चहापासून आपण एका टेबलावर बसायला लागलो. डिपार्टमेंटमधले बाकीचे सगळे डिजिटलच्या मागे होते, आपण दोघीच अ‍ॅनालॉगच्या. लोक म्हणायचे, कशाला नस्ती उठाठेव? डिजिटलला नुसतं हो किंवा नाही पुरतं, नळी थोडी जाड-बारीक असली तरी निभावतं. आपल्याला मात्र किती हो, किती नाही, तेही लागायचं. तू म्हणायचीस, माझ्या स्वभावाला हेच बरं.

हे खरंच होतं म्हणा. आपल्या गाइड सरांनी लॅबच्या दारावर कागद लावला होता, "लॅबमध्ये उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत." तुझ्या डब्यासाठी होता ते सगळ्यांना माहीत. तू खाली पेन्सिलीने लिहिलंस, "उग्र म्हणजे किती? युनिट द्यावे." सरांनी ते वाचलं, हसले आणि कागदच काढून टाकला. त्याच डब्यातून मी आयुष्यात पहिल्यांदा जवळ्याची चटणी खाल्ली. आमच्याकडे घरात अंडंसुद्धा येत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझा एक नियम होता आणि तो मला सुरुवातीला अगदी नको व्हायचा. कुठलाही आकडा पेपरात जायच्या आधी दुसरीने तो आपल्या मशीनवर काढायचा, कोऱ्या फाईलपासून, पहिलीची फाईल न बघता. "दुसरा हात" म्हणायचीस तू त्याला. तुझी आई बाजारात निवडून घेतलेली टोपली घरी ओट्यावर पुन्हा निवडते, कारण बाजारात सगळंच बरं दिसतं, असं तुझं म्हणणं. माझ्या तीन चुका तू अशा पकडल्यास, तुझी मी एक. त्या एकीचा मी सहा महिने डंका पिटला होता.

फक्त एकदा आपण दुसरा हात लावला नाही.

तुझ्या भावाची हळद होती. तू चार दिवस लॅबला नव्हतीस, आणि माझ्या हातात तो आलेख आला. ऑफसेट जवळजवळ शून्य. आता हे तुला काय सांगायचं, पण मला पुन्हा एकदा पहिल्यापासून मांडायचंय, म्हणून ऐक. आपल्या सर्किटच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची जुळी जोडी असते. सर्किट त्या दोघांमधला फरक तेवढा मोठा करून दाखवतं. जुळे तंतोतंत सारखे नसले, की आत काही येत नसतानाही बाहेर काहीतरी दिसत राहतं. तो ऑफसेट. हृदयाचा ठोका त्यात बुडून जाईल. म्हणून नळ्यांची जाडी कमी-जास्त धरून, चिठ्ठ्या टाकल्यासारखी, पुन्हा पुन्हा बदलून बघायची आणि ऑफसेट किती पसरतो ते पाहायचं. माझा पसरलाच नाही. सुईसारखा सरळ उभा. मी लॅबमध्ये एकटीच नाचले. तुला फोन केला तर मागे बेंजो वाजत होता, तुला माझं अर्धं ऐकू येत नव्हतं.

"चेक करायचंय!" मी ओरडले.

"आले की करते!"

"उद्या पाठवायचाय गं!"

"मग पाठव! तू केलंयस ना, मग झालं!"

पाठवला. पेपर स्वीकारला गेला. पेढे वाटले. माझ्या थीसिसचं चौथं प्रकरण, जे खरं तर सगळं थीसिसच आहे, त्या एका आलेखावर उभं राहिलं.

आणि गेल्या महिन्यात, माझ्याच थीसिसच्या आकृत्या नीट करून द्यायला म्हणून तू बसलीस आणि सवयीने कोऱ्या फाईलपासून सुरुवात केलीस. जित्याची खोड. तुझा ऑफसेट पसरला. माझा का नाही पसरत, म्हणून तू माझी फाईल उघडलीस. नळीची जाडी ठरवणारी ओळ मी फाईलच्या अगदी वर लिहिली होती, ती ट्रान्झिस्टरच्या आत हवी होती. वर असली की मशीन दर वेळी एकच चिठ्ठी उचलतं आणि तीच दोघांना देतं. जाड व्हायचे तर दोघे सारखे जाड, बारीक तर दोघे सारखे बारीक. फरक पडणार कुठून? एका बहिणीचं माप घेऊन दोघींचे ब्लाउज शिवावेत आणि दोन्ही सारखे निघाले म्हणून पेढे वाटावेत, त्यातला प्रकार. सहा वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून तू जे विचारलं होतंस, तीच चूक मी नव्याने केली होती, आणि या वेळी ती छापून आली होती.

कँटीनच्या मागच्या नळावर आपण डबे धूत होतो. तू अगदी हळू बोललीस, ते आठवतं. तू हळू बोललीस की समजायचं, काहीतरी गंभीर आहे.

"मुलुंड, तुझी जाडीची ओळ वर आहे. आत पाहिजे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तो शून्य खोटा आहे. एकच ओळ आहे, बघ तू."

"यार, महिनाभरात थीसिस द्यायचाय मला. कॉलेजने सांगितलंय, या वर्षी पीएचडी नाही तर नोकरी पर्मनंट करायचा विषय बंद. तुला माहितीय ना?"

"माहितीय गं."

"मग?"

"मग जर्नलला कळवायचं. दोघींच्या नावाने कळवू. मी चेक केलं नाही, म्हणजे चूक माझीही आहे."

"तुला काय जातंय? तुझी व्हायव्हा झाली."

इथे मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. "तुला माझं झालेलं बघवत नाही," असं मी तुला म्हटलं. तुला! बाबांच्या आजारपणात माझे प्रॅक्टिकलचे तास घ्यायला तू वर्सोव्याहून मुलुंडपर्यंत यायचीस, महिनाभर, आणि माझ्या तोंडून हे निघालं. जीभ झडली कशी नाही माझी.

तू डबा पुसलास, झाकण लावलंस. "केतकी, ओळ बघ," एवढंच म्हणालीस आणि रिक्षा बघायला गेलीस.

त्यानंतर आठ दिवस आपण बोललो नाही. तू लॅबला येत नव्हतीस, मला वाटलं रुसलीस. रुसू दे, म्हटलं. तुला ताप होता हे मला तू अ‍ॅडमिट झाल्यावर तुझ्या भावाकडून कळलं, आणि तेव्हाही मी मनात म्हटलं, डेंग्यू काय, सगळ्यांनाच होतो. आमच्या सोसायटीत या पावसात चौघांना झाला, चौघेही बरे होऊन घरी आले.

बुधवारी कॉलेजमध्ये माझा एक तास मोकळा होता. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. फाईल उघडली, ती ओळ वरून उचलली, आत ठेवली, आणि चालू केलं. सरळ उभी असलेली सुई बघता बघता पसरली. किती पसरावी! मी लॅपटॉप मिटला आणि पुढच्या तासाला जाऊन मुलांना काहीतरी शिकवून आले. दिवसभर चोराच्या मनात चांदणं. शिपाई हसला तरी वाटायचं, याला कळलंय. मनाशी सारखं चाललं होतं, कोण वाचतं गं चौथं प्रकरण? दोन परीक्षक, सर, तू आणि मी. त्यातली तू तेवढी गप्प राहिलीस तर?

शुक्रवारी तुझा मेसेज आला तेव्हा मी हाच विचार करत होते. खोटं बोलले ते तुला बरं वाटावं म्हणून नाही. स्वतःला चार दिवस मिळावेत म्हणून. तू घरी येशील, आपण कचाकचा भांडू, कदाचित मी तुला गुंडाळेन, असा माझा डाव होता. तू मरशील हे त्यात कुठेच नव्हतं.

तेराव्याला सगळ्या बायका गेल्यावर तुझ्या आईने मला आतल्या खोलीत बोलावलं. कॉटवर तुझे कपडे घड्या घालून ठेवले होते. मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "एक इचारू काय गो तुला?"

"विचारा ना, काकी."

"हास्पिटलात ती सारखी तुझंच बोलायची. केतकीच्या कामात चूक घावली, तिचं साल जाणार, असं. जीव तुटायचा तिचा. म्हणायची, आई, माझंच चुकलं असंल तर बरं होईल बघ." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "ती चूक खरी होती काय?"

मी तिथे बसले होते आणि मला तुझ्यासारखं एका वाक्यात बोलता येत नव्हतं. तू स्वतः चुकलेली निघावीस म्हणून देव पाण्यात घालून बसली होतीस, माझ्यासाठी. आणि मी मुलुंडमध्ये बसून तू गप्प राहावीस म्हणून.

"खरी होती, काकी," मी म्हटलं. "तिचं बरोबर होतं."

"मंग माझी पोर बरोबर होती," ती म्हणाली. ताठ बसून म्हणाली, जशी तुझा निकाल लागल्यावर गल्लीत सांगायची तशी. मग तिचा चेहरा उतरला. "म्हंजे तुझं साल गेलं ना गो?" आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा मी रडले, नयना. तू गेल्यापासून तोवर रडले नव्हते, नुसती चिडत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सरांनी ती ओळ स्क्रीनवर बघितली. मग म्हणाले, "हे बघ, थीसिस आधी जाऊ दे. परीक्षक इतकं खोलात जात नाहीत. दुरुस्ती मागाहून कळवू." वाईट बोलले नाहीत ते, माझ्याच काळजीने बोलले. महिनाभरापूर्वी हे ऐकलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते. मी म्हटलं, "नाही सर. थीसिस मी थांबवलाय." त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पेपरवर माझंही नाव आहे. मीही बघायला हवं होतं. फॉर्म काढ."

कॉलेजचं विचारशील, तर प्रिन्सिपल मॅडम गोड बोलल्या आणि पर्मनंटचा कागद खणात गेला. अजून एक वर्ष करारावर. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, तिसऱ्या दिवशी तिने आपण होऊन विचारलं, "नयनाच्या आईकडे कोणी असतं का गं दिवसा?" चौथं प्रकरण नव्याने करायला घेतलंय. प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये एकीच्या जागी बऱ्याच नळ्या शेजारी शेजारी ठेवून बघतेय, म्हणजे एकीचं जाडपण दुसरीच्या बारीकपणात थोडं जिरेल. पसारा कमी होतोय. शून्य नाही होत. होणारही नाही, आणि ते तसंच छापणार आहे. दुसऱ्या हाताला मात्र कोणी नाही. मी स्वतःच एक दिवस सोडून कोऱ्या फाईलपासून पुन्हा करते, पण आपलीच चूक आपल्याला सापडत नाही हे तू मला शंभरदा सांगितलं आहेस.

आणि ते नळावर बोलले होते, ते मी मागे घेते. तुझी माफी मागते. हे मी समोर कधी म्हटलं असतं की नाही, देव जाणे. तू बरी होऊन आली असतीस तर मी बहुतेक नुसता चहा पुढे केला असता आणि तू तो घेतला असतास. आपल्यात तेवढ्यावर भागायचं.

काल सरांच्या खोलीत बसून जर्नलचा दुरुस्तीचा फॉर्म भरला. चूक काय, ते लिहिलं. कोणाची, तिथे माझं नाव. कोणी शोधली, तिथे तुझं. सर्व लेखकांची संमती आहे का, या प्रश्नात तुझ्या नावापुढे "हयात नाही" असा चौकोन होता, त्यात खूण केली. शेवटचा प्रश्न होता, चूक करणाऱ्या लेखकाने ती स्वतः केव्हा पडताळली. सरांना ज्या दिवशी सांगितलं, ती तारीख मी घातली. कोणाला काय कळणार होतं? सगळं नीटच दिसत होतं. तू गेल्यानंतर मी पडताळलं, असंच कोणीही समजलं असतं. मग ती खोडली आणि त्या बुधवारची घातली.

सर पाठवायच्या आधी वाचत खाली आले आणि तिथे थांबले.

"ही तारीख? तेव्हा तर नयना होती."

"हो सर."

"तिला सांगितलं होतंस?"

"नाही सर. तिने विचारलं होतं. मी म्हटलं, ओळ अजून बघितली नाही."

 खुर्ची मागे सरकवून सरांनी मला जागा करून दिली आणि मी फॉर्म पाठवला.